मामांची सही

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. समोर असते तर वाकून केला असता, तसाच समजा.

घर गेलं. काल दादाचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते. "किल्ल्या दिल्या," म्हणाला. मी म्हटलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." एवढंच बोललो आम्ही बहीण-भाऊ. मग मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर जाऊन बसले आणि पोटभर रडून घेतलं. आई गेली तेव्हा दोन दिवसांसाठी आले होते ना, तेव्हाचं राहिलेलं रडणंही त्यातच उरकलं.

पण हे पत्र रडगाण्यासाठी नाही. आभार मानायचे आहेत. फोनवर मानले असते, पण मी इकडून बोंबलणार आणि तुम्ही तिकडून विचारणार, "काय? कुणाला ताप आलाय?" आयुष्यभर जनरेटरशेजारी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, त्यामुळे मला मात्र पत्रं लिहायची सवय राहिली.

दादाने सगळं सांगितलं मला. वरच्या मजल्याचं वायरिंग सगळं नवीन केलं. तुम्ही गुडघ्यांची पर्वा न करता येत राहिलात, खुर्ची टाकून बसलात, काम करणाऱ्या माणसाकडून एकेक बोर्ड उघडून घेतलात आणि मनासारखं झाल्यावरच वायरिंग सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर तुमच्या परवान्याचा शिक्का मारून सही केलीत. दाखल्याचा फोटोही पाठवला त्याने. ती तुमची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी थेट कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली! बघून इतकं बरं वाटलं मला. आईच्या मागे लागून लागून तुम्ही थकलात, "अगं, वरचं सगळं उपटून नव्याने ओढायला हवं," आणि शेवटी ते झालं ते घर विकताना. असू दे. झालं ना!

ज्या बाईंनी घर घेतलं त्यांनी मला आधी फोन केला होता. शिवणकाम करतात. हाताखाली दोघीजणी आहेत. वरच्या मजल्यावर मशिनी मांडणार, वाफेची मोठी इस्त्री ठेवणार. मला म्हणाल्या, "ताई, घर आवडलं, पण जुन्या घरातल्या विजेची भीती वाटते. आमचा सगळा दिवस त्या इस्त्रीवर जायचा." मी म्हटलं, "आमच्या मामांनी स्वतः तपासून सही केलीय. तुम्ही डोळे मिटून घ्या." त्या म्हणाल्या, "मग ठीक." घर त्यांनी तुमच्या नावावर घेतलंय असंच म्हणा ना.

सूनबाईंना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावताय का?

तुमची
ठमी

*

२० फेब्रुवारी

चिरंजीव ठमाबाई,

आशीर्वाद. पत्र पोचलं. सूनबाईने वाचून दाखवायला घेतलं होतं, मी म्हटलं दे इकडे, डोळे अजून माझेच आहेत.

घर गेल्याचं वाईट वाटलं, पण रिकामं ठेवून भिंती जपण्यात अर्थ नव्हता. शिवणाच्या मशिनी चालू राहतील, वर माणसांचा आवाज राहील, हे तुझ्या आईला आवडलंच असतं.

आता एक विचारायचं आहे. विचारू की नको, असं करत हे पत्र दोनदा फाडलं. तू लिहिलंस की मी वर जाऊन बसलो, बोर्ड उघडून घेतले. ठमे, मला हे आठवत नाही. तुझी आई गेली त्यानंतर मी तुमच्या घराचा जिना चढलोय असंच मला आठवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं तुझाच काही घोटाळा झालाय. रविवारी थोरला, तुझा दादा, नेहमीप्रमाणे डोकावला, तेव्हा सूनबाईच्या कानावर जाऊ नये म्हणून, लोक मला लिहून सांगतात त्या पाटीवर लिहून त्याला विचारलं. तो हसला. माझा हात हातात घेऊन कानाशी येऊन म्हणाला, "मामा, असं काय करता? निळी प्लास्टिकची खुर्ची आणली होती मी तुमच्यासाठी. त्या माणसाला किती झापलंत! विसरलात?" मी म्हटलं, "सही?" तर म्हणाला, "जेवणाच्या टेबलावर केलीत, पेन चालत नव्हतं म्हणून माझं दिलं." इतकं सगळं तो सांगतोय म्हणजे झालंच असणार. मी मान हलवली.

तेव्हापासून मन लागत नाही. मागच्या महिन्यात मोरीतला नळ चालू राहिला होता, सूनबाई बोलली नाही पण मला दिसलं. आता रोज सकाळी उठलो की अंथरुणातच परीक्षा घेतो. शेजारच्यांच्या मुलांची नावं. तुझ्या मामीचं आजारपण कुठल्या वर्षी सुरू झालं ते. कुठल्या लोडला किती जाडीची वायर. सगळं येतं. आणि तरी ती निळी खुर्ची काही केल्या येत नाही.

हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. म्हाताऱ्याचा आधी कान गेला, मग गुडघे, आता डोकंही गेलं म्हटल्यावर माझ्या हातात कोणी साधा टेस्टरसुद्धा देणार नाही.

तेल लावतो. उपयोग शून्य.

मामा

*

८ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून मी लगेच दादाला फोन केला. तुम्ही सांगू नकोस म्हणालात तरी केला, रागवा. तो म्हणाला, "मी तुला मुद्दाम बोललो नव्हतो. गेल्या काही महिन्यांपासून मामांचं असं होतंय. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. घरच्यांना अजून कळलेलं नाही." फार हळवा झाला होता हो तो सांगताना.

मामा, यात लाजण्यासारखं काय आहे? आमच्या इथे रोज अशी माणसं येतात तपासणीला. कधी साधी जीवनसत्त्वाची कमतरता असते, दोन महिन्यांच्या गोळ्यांत माणूस ठणठणीत होतो. मी तपासण्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून पाठवतेय, सूनबाईंना दाखवा. आणि सकाळी अंथरुणात पडून स्वतःची परीक्षा घेणं बंद करा. त्या काळजीनेच माणूस आणखी विसरतो. निळी खुर्ची नाही आठवली तर नाही आठवली. काम चोख झालं ना, दाखला आहे ना, मग बास.

एरवी सगळं बरं. शिवणाच्या बाईंचा फोन आला होता. मशिनी लागल्यात, खूश आहेत. फक्त म्हणत होत्या की इस्त्रीला हात लागला की झिणझिण्या येतात, हाताखालची एकजण तर इस्त्री टाकूनच पळाली. दादाला विचारलं त्यांनी. तो म्हणाला जुन्या घरात थोडी ओल असते, रबरी चपला घालून उभ्या राहा. तसं असतं का हो? तुम्हाला विचारते असं मी त्यांना म्हटलं खरं, पण तुम्ही त्याचा त्रास करून घेऊ नका. सहज लिहिलं.

गोळ्या, फिरणं, झोप. मी सांगतेय.

ठमी

*

२३ मार्च

ठमे,

तुझ्या तपासण्यांचा कागद आतल्या कपाटात ठेवलाय. त्याची गरज नाही. का नाही ते सांगतो, नीट बसून वाच.

पत्रातली झिणझिण्यांची ओळ वाचली आणि मी चपला पायात घातल्या. सूनबाई मागून काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही हे एक बरंच झालं. जुनी पिशवी घेतली, रिक्षा केली आणि तुमच्या घरी, म्हणजे त्यांच्या घरी गेलो. दार बाईंनीच उघडलं. केसांना चिंध्यांचे धागे चिकटलेले, गळ्यात टेप. मी माझं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. मोठ्याने म्हणाल्या, "अहो, म्हणजे सहीवाले मामा! या या." माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं: बरं झालं आलात.

वर गेलो. जिना चढताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या. तुझ्या आईच्या झोपायच्या खोलीत आता तीन मशिनी आहेत, खिडकीशी लांब टेबल आणि टेबलावर ती इस्त्री. मी तिच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. इस्त्रीच्या अंगात वीज होती, पोरी. रबरी चपलांच्या भरवशावर तीन बायका दिवसभर तिला हात लावत होत्या.

मग मी बोर्ड उघडला. वरून नवा, गुळगुळीत, पांढरा. आत हिरवी वायर होती, म्हणजे काही चुकलं तर माणसाला वाचवणारी ती, आणि ती दुमडून भिंतीत कोंबलेली होती. कशालाच जोडलेली नाही. दाखवण्यापुरती. दिव्याला वापरतात तसल्या बारीक वायरीवर इस्त्री टाकलेली. वायरीचं अंग मऊ पडून चिकटायला लागलेलं. दुसरा बोर्ड उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच. आत वायरींना नुसत्या पिळ्या मारून चिकटपट्टी गुंडाळलेली, वरून झाकण.

तुला विचित्र वाटेल, पण ते काम पाहून मला आधी आनंद झाला. इतका की मी त्या मशिनीच्या स्टुलावर बसलोच. कारण हे काम मी पास केलेलं असणं शक्य नाही. झोपेत नाही, तापात नाही, डोकं गेलं तरी नाही. म्हणजे निळी खुर्ची नव्हतीच. म्हणजे मी विसरलो नव्हतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

आणि मग पुढचं डोक्यात आलं.

बाईंनी खालून दाखला आणून दाखवला. सही हुबेहूब आहे. शिक्का माझाच आहे, तो कपाटात वरच्या खणात असतो आणि थोरल्याला माझ्या घरात कुठलंच कपाट बंद नाही. लहान असताना प्रगतीपुस्तकावर माझी सही ठोकायचा, आठवतं? तुझे वडील कायम बाहेरगावी असायचे. मी पकडलं तर म्हणायचा, "मामा, बघा तरी, शेपटी जमलीय की नाही!"

मी मेन स्विच खाली ओढला आणि वरच्या मजल्याचे फ्यूज काढून खिशात घातले. मशिनी थांबल्या. हाताखालच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, हे ऐकू आलं मला, कारण त्या कानाशीच आल्या होत्या, "काका, माझी लग्नाची कामं अडकलीत. असं काय करता? तुम्हीच तर पास केलंत ना हे? ही सही तुमचीच ना?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं ते विचारू नकोस. तोंडातून गेलं. म्हटलं, "हो, माझीच. चुकलं माझं. मी नवं करून देतो, तोवर वर काही लावू नका." त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या, ती नजर माझ्यासाठी नव्हती. पण मी ती घेतली.

थोरल्याशी अजून बोललेलो नाही. त्याच्या आईने हे बघितलं नाही, एवढंच सारखं मनात येतं.

मामा

*

७ एप्रिल

मामा,

कसं लिहू? तुमचं पत्र वाचलं आणि आधी माझंच मागचं पत्र आठवलं. "काम चोख झालं ना, मग बास." तुम्ही मला सांगत होतात की तुम्ही तिथे गेलाच नव्हतात, आणि मी तुम्हाला गोळ्यांची नावं पाठवली. जी गोष्ट खरी होती ती तुम्ही सांगितलीत आणि मी तिला आजार म्हटलं.

दादाला फोन केला. आधी तेच: "मामांचं डोकं." मी म्हटलं, "इस्त्रीच्या अंगात वीज होती. तेही मामांच्या डोक्यामुळे का?" मग सगळं ओकला. वहिनीच्या भावाच्या ओळखीतला कोणी माणूस, फर्निचरचं काम करतो, "वायरिंगही जमतं" म्हणाला, त्याच्याकडून करून घेतलं. पुढे दाखल्यासाठी परवानावाला वायरमन बोलावला तर त्याने एक बोर्ड उघडला आणि म्हणाला सगळं उखडा, मगच सही करतो. खरेदीचा दिवस ठरलेला. बाई थांबणार नव्हत्या, दुसरं घरही बघत होत्या. "मग काय करायचं होतं मी?" असं विचारतो मला!

मी म्हटलं, "मामांना सरळ विचारायचं होतंस." तर म्हणाला, "मामांनी सही केली नसती." म्हणजे त्याला माहीत होतं. आणि मग म्हणाला, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, "मामांना त्या परवान्याचा आता उपयोग तरी काय आहे?"

बँकेत बसून हा माणूस दिवसभर लोकांच्या सह्या पडताळतो, मामा.

आणि मी? मी त्या बाईंना म्हटलं होतं, डोळे मिटून घ्या. मी आयुष्यभर तुमच्या शब्दावर डोळे मिटले, म्हणून त्यांनाही सांगितलं. त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या तेव्हा त्या बोर्डामागे माझाही शब्द होता.

तुम्ही त्यांना "हो, माझीच" म्हणालात ते मला समजतं. पण ते तसंच राहता कामा नये. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात तोच माणूस तसलंच काम करेल आणि दादा तुमचा शिक्का पुन्हा काढेल. तुम्ही बाईंना खरं सांगा. मी दादाला लिहिलंय की वरचा मजला नव्याने करून द्यायचा, आम्हा दोघांच्या वाट्यातून, आणि सरकारी वीज निरीक्षकांसमोर त्याने जाऊन स्वतः कबूल करायचं. त्याला महिन्याअखेरपर्यंत वेळ दिलाय.

मला इथून इतक्यात सोडणार नाहीत, दोघी रजेवर आहेत. नाहीतर पुढच्याच गाडीने आले असते.

तुमची
ठमी

*

२२ एप्रिल

प्रिय ठमी,

तुझं पत्र मिळालं. तू इतक्या लांबून इतकं कडक लिहू शकतेस याचं कौतुक वाटलं.

एक-दोन गोष्टी लक्षात आणून देतो. आई दीड वर्ष अंथरुणावर होती तेव्हा रोज तिला उठवणं-बसवणं, डॉक्टर, औषधं हे सगळं मी आणि तुझ्या वहिनीने केलं. तू फोन करायचीस. घर विकायचं ठरलं तेव्हा तू म्हणालीस, "दादा, तू बघ सगळं, मला कुठे सही करायची ते सांग." मी बघितलं. घराला गिऱ्हाईक आणणं, पन्नास जणांना चहा पाजणं, गळकं छप्पर, कार्यालयातल्या खेपा. त्या सगळ्यात एक गोष्ट मी माझ्या पद्धतीने केली. तेवढी एकच तुला दिसते.

त्या माणसाने काम इतकं वाईट केलं असेल हे मला ठाऊक नव्हतं. परवानावाले सगळं उखडा म्हणतातच, त्यांचा धंदाच तो आहे. शिवाय कुणाला काही झालेलं नाही. बाई धडधाकट आहेत. मामा आता सगळं नीट करून देतायत.

मामांबद्दल एवढंच सांगतो की ते खरंच विसरायला लागलेत. तुला लांबून कळत नाही. आणि मुख्य म्हणजे मामांनी स्वतः त्या बाईंना सांगितलंय की सही त्यांचीच आहे. बाईंनीच फोनवर सांगितलं मला, साक्षीदार आहेत दोन. मग आता तुला आणि मला त्यात पडायचं कारण काय? मामांना कोण काय करणार आहे या वयात? फार तर परवाना काढून घेतील. माझी मात्र नोकरी जाईल. मुलांची शिक्षणं व्हायचीत. मामांना हे समजतं. त्यांनी माझ्यासाठी ते केलं. तू त्यात बिब्बा घालू नकोस.

घरची गोष्ट घरात राहू दे.

दादा

*

३ मे

मामा,

दादाचं पत्र आलं. मूळ पत्रच यासोबत पाठवतेय. वाचा. मी त्यावर काही लिहीत नाही.

एवढंच सांगते, की मी आज शिवणाच्या बाईंनाही पत्र टाकलंय. त्यात सगळं लिहिलंय: काम कोणी केलं, सही कोणी केली, आणि मी त्यांना काय म्हटलं होतं. तुम्हाला न विचारता टाकलं. विचारलं असतं तर तुम्ही थांब म्हणाला असतात.

आईचं त्याने केलं हे खरं आहे, मामा. प्रत्येक शब्द खरा आहे.

ठमी

*

१९ जून

ठमे,

उशीर झाला. एका दमात लिहिण्यासारखं नव्हतं.

थोरल्याचं पत्र मी खिडकीत बसून वाचलं. "मामांना कोण काय करणार आहे या वयात" इथपर्यंत आलो आणि घडी घातली. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. माझ्या तोंडून बाईंसमोर "हो" गेलं त्याची त्याने शिडी केली आणि चढून बसला, हे मला तोवर कळलं नव्हतं.

त्याला निरोप धाडला. आला. सूनबाईला मी बाहेर पाठवलं. तो नेहमीच्या जागी, माझ्या उजव्या कानाशी बसला. मी म्हटलं, "तू सही केलीस. ते एक सोड. लहानपणी करायचास, तशीच एक केलीस असं समजतो. पण मी तुला विचारलं, पाटीवर लिहून विचारलं, तेव्हा तू माझा हात हातात घेऊन मला निळी खुर्ची दाखवलीस. पेन बंद पडल्याचं सांगितलंस. मी महिनाभर रोज उठून स्वतःला तपासत होतो रे. मला वाटलं आता पुढचा नंबर सूनबाईचं नाव विसरायचा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता बोलेल. खरंच वाटलं. मी हातसुद्धा पुढे केला.

तो म्हणाला, "मामा, तुम्ही खरंच विसरता हो. तुम्हाला कळत नाही."

माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, ठमे. सगळं उघडं पडल्यावर. मी त्याला म्हटलं, "जा आता." तो गेला. जाताना दार हळूच लावून गेला, मला ऐकू येत नाही तरी.

मग बाईंकडे गेलो. तुझं पत्र त्यांच्याकडे पोचलं होतं, मशिनीवर उघडंच पडलेलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. पाटी घेतली आणि लिहिलं: मग त्या दिवशी हो का म्हणालात? मी सांगितलं, "माझ्या बहिणीचा मुलगा आहे." त्यांनी पुन्हा लिहिलं: आणि आम्ही कोणाच्या? तुझ्यावरही त्यांचा राग आहे, तुला वाईट वाटेल पण सांगतो. म्हणाल्या, लांबून गोड बोलणं सोपं असतं.

पण बाई खमक्या आहेत. निरीक्षकांकडे रीतसर तक्रार त्यांनीच घातली. परवानावाला माणूस आला, त्याने वरचा सगळा मजला उखडून नव्याने ओढला. मी खाली बसून होतो, वर जाऊन लुडबुड केली नाही. त्याचं काम चांगलं आहे, बोर्ड जरा तिरके बसवतो एवढंच. मशिनी पुन्हा चालू झाल्या.

चौकशी गेल्या मंगळवारी झाली. लांबलचक खोली, वर पंखा, कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे. निरीक्षक माझ्या मुलाच्या वयाचे. बाई एका बाजूला बसलेल्या, थोरला दुसऱ्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मध्ये. निरीक्षकांनी दाखला माझ्यासमोर सरकवला आणि मला ऐकू यावं म्हणून उभं राहून, मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारलं, "ही सही तुमची आहे का?"

मी थोरल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे नाही, खाली टेबलाकडे बघितलं. त्याचा चेहरा शांत होता. अगदी शांत. त्याला खात्री होती, ठमे.

मी म्हटलं, "नाही. सही माझी नाही. मी त्या मजल्यावर गेलोच नव्हतो. शिक्का माझ्या घरातून गेला, तो न सांभाळल्याचा दोष माझा."

निरीक्षक लिहीत गेले. पुढे त्याला काय विचारलं, त्याने काय सांगितलं ते मला फारसं ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलताना बघत होतो. त्याने शेवटी मान खाली घातली, म्हणजे मान्य केलं असावं. आता प्रकरण पुढे जाईल, बँकेला कळवतील. माझा परवाना चौकशी संपेपर्यंत जमा करून घेतलाय. तोही देऊन आलो.

बाहेर आलो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या उजव्या बाजूला आला, नेहमीसारखा कानाशी वाकला. आवाजात राग नव्हता. लहानपणी जत्रेत मी त्याचा हात सुटू दिला होता, तो सापडल्यावर जसा बोलला होता तसा बोलला:

"मामा, मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल."

आणि रस्ता ओलांडून गेला. मी तिथेच उभा राहिलो. कितीतरी वेळाने लक्षात आलं की त्याला खरंच तसं वाटतंय. त्याच्या हिशोबी, फसवलं ते मी त्याला.

मामा